वाघाचा डोळा आणि बेचा पाढा

गाण्याला आपल्याकडे नेहमीच काहीतरी काम लावून दिलेले असते. भूपाळीने झोपलेल्याला उठवायचे, अंगाईने जागणाऱ्याला निजवायचे, जात्यावरच्या ओवीने पायलीभर दळण सरवायचे, आणि आरतीने देवाबरोबरच प्रसादावर डोळा ठेवून बसलेल्या पोरांनाही थोडा वेळ थोपवून धरायचे. मोटेवर गाणे होते, नावेवर गाणे होते, भोंडल्याच्या फेरात तर खिरापत ओळखली जाईपर्यंत गाणे होते. नुसते ऐकण्यासाठी गाणे, ही चैन पुष्कळ उशिरा आली.

कामकरी गाण्यांच्या या जुन्या कुळात गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेने एका दणकट पाहुण्याची भर घातली आहे. खेळावरच्या चित्रपटासाठी मुद्दाम बेतलेले, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम यांच्या दणदणाटात म्हटलेले, ऐकणाऱ्याच्या अंगात दहा हत्तींचे बळ संचारल्याचा भास करून देणारे गाणे. पडद्यावरचा नायक पहाटे उठतो, धावतो, दोरीवरच्या उड्या मारतो, आणि मागे हे गाणे चालू असते. याला मराठीत काय म्हणावे, हा मराठीच्या मास्तराला पडणारा पहिला प्रश्न. ‘स्फूर्तिगीत’ म्हटले की पांढऱ्या गणवेशातली मुले आणि पेटीवर बसलेल्या बाई डोळ्यांपुढे येतात. ‘समरगीत’ म्हटले की १९६२ साल आठवते. मी आपला खाजगीत त्याला ‘दंडगीत’ म्हणतो. ते ऐकून दंड थोपटावेसे वाटतात, दंड काढावेसेही वाटतात, आणि शेजाऱ्याने पहाटे सहाला लावले तर तो आपल्याला झालेला दंडच असतो. एका शब्दात तिन्ही अर्थ बसले. इंग्रजीला ही सोय नाही.

यांतला तिसरा अर्थ मी रोज भोगतो. ठाण्याला आम्ही राहतो त्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी एक वाणसामानाचे दुकान होते. तिथे आता जिम आहे. दुकान होते तेव्हा खालून हिंगाचा वास येई, आता गिटारचा ठोका येतो. त्यामुळे सहा वर्षांत मला या वाङ्मयप्रकाराचा, प्राध्यापकाला शोभेल इतका, अभ्यास करावा लागला.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १९७६ सालचा ‘रॉकी’. सिल्व्हेस्टर स्टॅलोन हा तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला नट. त्याने फिलाडेल्फिया शहरातल्या एका तितक्याच अप्रसिद्ध मुष्टियोद्ध्याची गोष्ट लिहिली आणि त्या योद्ध्याची भूमिकाही स्वतःच केली. हॉलिवुडच्या मानाने अगदी किरकोळ, म्हणजे सुमारे दहा लाख डॉलर खर्चात जॉन अ‍ॅव्हिल्डसन या दिग्दर्शकाने चित्रपट उभा केला, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्याने पटकावले. संगीत होते बिल कॉन्टीचे. त्यातले ‘गॉना फ्लाय नाउ’ हे गाणे आज जगाच्या कानात बसले आहे. मौज अशी की त्या गाण्यात शब्द जेमतेम तीसच्या आसपास आहेत. एवढ्यात आपला मंगलाष्टकाचा एक श्लोकही पुरा व्हायचा नाही. बाकी सारी तुताऱ्यांची ललकारी. रॉकी आदल्या खेपेला फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या बहात्तर पायऱ्या धापा टाकीत, कूस दाबीत कसाबसा चढलेला असतो. हे गाणे वाजते तेव्हा तो त्याच पायऱ्या हरणासारखा चढतो आणि वर जाऊन दोन्ही हात आकाशाकडे उंचावतो. जुलै १९७७ मध्ये हे गाणे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. आजही फिलाडेल्फियाला जाणारे प्रवासी त्या पायऱ्या धावत चढतात, वर जाऊन हात उंचावतात आणि छायाचित्र काढून घेतात. आतली चित्रे त्यांच्यापैकी किती जण पाहतात, हे विचारू नये.

पण खरे रॉक पद्धतीचे दंडगीत जन्मले ते १९८२ साली, ‘रॉकी’च्या तिसऱ्या भागात. त्याच्या जन्माची कथा एखाद्या बखरीत शोभावी अशी आहे. या भागाचा दिग्दर्शकही स्टॅलोनच. सुरुवातीच्या दृश्यांसाठी त्याने ‘क्वीन’ या प्रसिद्ध इंग्रज मंडळींचे एक गाणे मनात धरले होते, आणि चित्रफितीची जुळणीही तेच लावून केली होती. परवानगी काही मिळेना. तेव्हा त्याने शिकागोकडच्या ‘सर्व्हायव्हर’ नावाच्या बँडला गाठले. बँडमधला जिम पीटरिक घरी नव्हता. स्टॅलोनने त्याच्या टेलिफोनच्या यंत्रावर निरोप ठेवला. पीटरिक आणि गिटारवाला फ्रँकी सलिव्हन यांनी पडद्यावरचे ठोसे पाहत पाहत गिटारचे ठोके बसवले. ठोसा पडला की ठोका, मग क्षणभर शांतता, पुन्हा ठोसा, पुन्हा ठोका. गाण्याचे नाव त्यांना संहितेतल्याच एका संवादात सापडले. ‘आय ऑफ द टायगर’, म्हणजे वाघाचा डोळा. घाई इतकी होती की गाण्याचे जे कच्चे ध्वनिमुद्रण झाले होते तेच चित्रपटात वापरले गेले. ते गाणे अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, ऑस्करसाठीही नाव सुचवले गेले. ऑस्कर मात्र एका संथ प्रेमगीताने नेले. वाघाला शेवटी हरणाने हरवले, असे म्हणायचे.

आता गंमत पाहा. हे गाणे लावून सारे जग व्यायाम करते. लग्नात नवरदेवाचे मित्र याच गाण्यावर त्याला मांडवात आणतात. निवडणुकीच्या सभेत उमेदवार याच्याच तालावर व्यासपीठ चढले, आणि विनापरवाना वाजवले म्हणून सलिव्हनच्या कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका राजकीय पुढाऱ्याला न्यायालयातही खेचले. पण मूळ चित्रपटात हे गाणे वाजते तेव्हा नायक काय करीत असतो? तो अजिंक्यपदाच्या लढती लीलेने जिंकतो खरा, पण त्याचबरोबर जाहिरातींत चमकतो, मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकतो, उंची कपडे घालतो. थोडक्यात, तो सुखावत चालला आहे. आणि त्याच वेळी अंधाऱ्या जागेत एकटाच घाम गाळीत असतो तो त्याचा प्रतिस्पर्धी, ज्याच्याकडे आपण खलनायक म्हणून पाहायचे असते! पुढे तो रॉकीला चारी मुंड्या चीत करतो. मग जुना वैरी आता मित्र होऊन रॉकीला सांगतो, की तुझ्या नजरेतला वाघ हरवला. त्यानंतर रॉकी जी खरी मेहनत करतो, समुद्राच्या वाळूत धावतो, तेव्हा मागे वाजते ती बिल कॉन्टीची जुनीच चाल. म्हणजे वाघाच्या डोळ्याचे हे गाणे, आपण समजतो तसे, नायकाच्या तपश्चर्येचे नाही. एकाचे सुख आणि दुसऱ्याचे कष्ट शेजारी शेजारी ठेवणारे ते गाणे आहे. खालच्या जिममध्ये डंबेल उचलणाऱ्या मुलांना मी हे अजून सांगितलेले नाही. त्यांच्या हातात वजने असतात.

‘रॉकी’चे दिग्दर्शक अ‍ॅव्हिल्डसन आणि संगीतकार कॉन्टी यांचीच जोडी १९८४ साली ‘द कराटे किड’ या चित्रपटात पुन्हा जमली. त्यातले दंडगीत म्हणजे ‘यू आर द बेस्ट’. जो एस्पोझिटोने ते गायले. या चित्रपटातल्या म्हाताऱ्या गुरूची शिकवण्याची पद्धत आपल्या गुरुकुलाची आठवण करून देणारी आहे. तो पोराला मोटारी पुसायला लावतो, लाकडी फरशी घासायला लावतो, कुंपण रंगवायला लावतो. पोरगा वैतागतो. आणि मग एके दिवशी त्याला कळते की पुसताना, घासताना, रंगवताना हाताला जे वळण पडले तेच कराटे. आता लक्षात घ्या, त्याचे कौतुक करणारे रॉकगीत या पुसण्याघासण्याच्या वेळी वाजत नाही. ते वाजते स्पर्धेत, लोक टाळ्या पिटायला जमल्यावर. यालाच मी या गाण्यांचा स्वभाव म्हणतो. दिवे लागल्यावर ती येतात.

व्याकरणाच्या अंगानेही ही गाणी पाहण्यासारखी आहेत. आपला पोवाडा भूतकाळात बोलतो. गड घेतला, मग शाहिराने डफ उचलला. आधी पराक्रम, मागून गाणे, आणि गाण्याबद्दल बिदागी. अमेरिकन दंडगीत भविष्यकाळात आणि द्वितीय पुरुषात बोलते. तू उडणार आहेस, तूच सर्वांत उत्तम आहेस. अजून काही झालेले नसते. बिदागी मात्र आगाऊ घेतलेली असते. शाहिराचे गाणे पावतीसारखे आहे, हे हुंडीसारखे आहे. हुंडी वटेल की नाही, हे सावकारालाच ठाऊक.

आणि काळाचे काय? चित्रपटात अशा दृश्यमालिकेला ‘मोंटाज’ म्हणतात. महिन्यामहिन्यांची मेहनत कातरीने कापून तीन-चार मिनिटांत बसवायची आणि तुकडे एकमेकांना चिकटून राहावेत म्हणून त्यांवरून गाणे सारवायचे. १९८५ च्या ‘रॉकी’च्या चौथ्या भागात तर नायक बर्फात ओंडके वाहतो, डोंगर चढतो, आणि अशा दृश्यमालिका इतक्या येतात की गोष्ट गाण्यांच्या मधल्या जागेत सांगावी लागते. कातरीने काय काय जाते, हे आपण विचारत नाही. पाय मुरगळला तो आठवडा जातो. पाऊस लागला म्हणून घरी बसला तो दिवस जातो. सगळे केले आणि काहीच बदलले नाही, असा जो सबंध महिना असतो, तो तर पहिल्यांदा जातो.

म्हणजे या गाण्यांत काही दमच नाही, असे मुळीच नाही. तालाने शरीर हलते, ही गोष्ट खरी आहे आणि मोजून पाहिलेली आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सायकलींची सहा दिवसांची शर्यत होत असे. तिथे बँड वाजत असताना सायकली अधिक वेगाने धावतात आणि बँड थांबला की मंदावतात, असे लिओनार्ड एअर्स या गृहस्थाने १९११ मध्येच नोंदवून ठेवले. अलीकडे इंग्लंडमध्ये कोस्टास करागिऑर्गिस या प्राध्यापकाने वर्षानुवर्षे याच विषयाचा अभ्यास केला. बेताच्या श्रमांत संगीतामुळे श्रम कमी वाटतात. पण श्रम अगदी शिगेला पोचले की संगीताचा तो गुण ओसरतो. शरीराचीच हाक इतकी मोठी होते की बाहेरचे काही ऐकू येत नाही.

आमच्या कोल्हापूरकडे कुस्तीच्या मैदानात हलगी वाजते, तिला हे फार पूर्वीपासून कळलेले असावे. शाहू महाराजांनी बांधलेले खासबागेचे मैदान १९१२ साली सुरू झाले. तिथे हलगीवाल्याची नजर पैलवानावर असते. खडाखडी चालली असेल तेव्हा हलगी दबकत चालते, डावाला डाव भिडला की तिची बोटे नाचू लागतात. हलगी पैलवानाच्या मागून चालते. ध्वनिमुद्रित गाण्याला ही सोय नाही. त्याला डोळे नसतात, वाघाचेही नाहीत. मिनिटाला एकशे नऊच्या आसपास ठोके, हा त्या गाण्याचा वेग एकदा ठरला तो ठरला. तुम्ही मागे पडलात तरी ते पुढे निघून जाते.

हिंदी चित्रपटांनी हा प्रकार चांगलाच पचवला. २००७ सालच्या ‘चक दे! इंडिया’चे शीर्षकगीत जयदीप साहनी यांनी लिहिले, सलीम-सुलेमान यांनी चाल दिली आणि सुखविंदर सिंग यांनी ते आभाळापर्यंत नेले. चित्रपट मुलींच्या हॉकीचा, शब्द पंजाबी. पण डोंबिवलीची मुले ते क्रिकेटच्या वेळी म्हणतात आणि कोणालाच त्यात काही चुकते असे वाटत नाही. माझ्या वर्गात वीररस शिकवताना मी उदाहरणे मागितली, तर पहिले उत्तर हेच आले. मला आनंद झाला. वीररसाचा स्थायीभाव ‘उत्साह’ असे भरतमुनींनी सांगितले आहे, आणि या गाण्यात दुसरे काही नाहीच. वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, पण हरणाऱ्या टीमनेपण हेच गाणं लावलं असेल ना?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी वाचलो. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला, आणि तो नेमका कोणाच्या उशाशी बसायला आला होता, हे मला पुढे कळले.

जुलै २०२३ मध्ये माझ्या वडिलांना, नानांना, अर्धांगाचा झटका आला. वय शहात्तर. टपालखात्यात उभा जन्म गेला, निवृत्त झाले ते सब-पोस्टमास्तर म्हणून. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाणी चार-सहा आठवड्यांत बरीचशी परत आली. आणि मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येक जण शहाळे आणी आणि एक गोष्ट आणी. कोणाचे मामा जिद्दीने उठून बसले होते, कोणाचे साडू जिद्दीच्या जोरावर पुन्हा स्कूटर चालवू लागले होते. “जिद्द सोडू नका, नाना. सगळं मनावर आहे.” नाना मान डोलवीत. सगळे गेले की भिंतीकडे तोंड करून पडत.

चौथ्या महिन्यात असा एक काळ आला की काहीच पुढे सरकेना. पलंगापासून खुर्चीपर्यंत येणे पहिल्या महिन्यातच जमले होते, आणि चौथ्या महिन्यातही तेवढेच जमत होते. एका संध्याकाळी मीही म्हणालो, “नाना, थोडी जिद्द ठेवायला हवी.” ते रागावले नाहीत. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला आणि हळूहळू म्हणाले, “अरे, जिद्दीचा प्रश्न नाही. मी इथून पत्र टाकतोय. रोज टाकतोय. पत्ता घालून, तिकीट लावून. वाटेत कुठं तरी पूल वाहून गेलाय. आता पत्र पोचलं नाही, तर टाकणाऱ्याला दोष द्यायचा का?”

वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग मला तिथे दिसला. जिंकणारा जिद्दीने जिंकला, असे आपण गाण्यातून गर्जून सांगतो. त्यातून न गायलेली दुसरी ओळ आपोआप निघते, की जो हरला त्याची जिद्द कमी पडली. मैदानावर ती ओळ फारशी लागत नाही, कारण पुढच्या रविवारी पुन्हा सामना असतो. आजाऱ्याच्या खोलीत ती लागते. शहाळ्याबरोबर आम्ही सगळे तीच घेऊन जात होतो.

आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे. खालच्या जिमचे सभासद. त्याने आपल्या परीने एक दिवस नानांच्या व्यायामाच्या वेळी मोबाइलवर ‘आय ऑफ द टायगर’ लावले. “नाना, हे ऐकून सगळं जग पळतं.” नाना म्हणाले, “जगाला पळू दे. मला न्हाणीघरापर्यंत जायचंय.” तरी नातवाचे मन मोडू नये म्हणून उठले. चार पावले टाकली आणि थांबले. “हे माझ्यापुढं पळतंय रे. याला जरा थांबायला सांग.” पोराने मोबाइलवर काहीतरी केले आणि गाण्याचा वेग निम्म्यावर आणला. तो गायक भांग पिऊन बरळत असल्यासारखा गाऊ लागला, गिटार म्हशीसारखी हंबरू लागली, आणि नाना हसले. तोंडाची उजवी बाजू हसण्यात सामील होत नव्हती, पण हसले. झटका आल्यानंतर घरात ऐकलेले ते त्यांचे पहिले हसू. त्या दिवशी त्या बरळणाऱ्या वाघाबरोबर ते न्हाणीघरापर्यंत गेले आणि परत आले.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी हुशार होती. तिने हा प्रकार पाहून नाके मुरडली नाहीत. ती म्हणाली, “काका, ताल बरोबरच आहे, फक्त तो यांच्या पावलाचा हवा.” मग तिने सांगितले ते मी नंतर वाचूनही पाहिले. अर्धांग झालेल्या माणसाला त्याच्या चालीला जुळेल असा ठोका ऐकवला तर पाऊल अधिक सरळ आणि सारखे पडते. अमेरिकेत मायकेल थॉट या संशोधकाने १९९० च्या दशकात या उपचाराचा पाया घातला. नियम एवढाच, की ठोका आधी रोग्याच्या वेगाशी जुळवायचा आणि मग हळूच पुढे न्यायचा. म्हणजे शेवटी हलगीच.

“तोंडपाठ असं काही म्हणा नाना, चालताना,” ती म्हणाली. आम्हाला वाटले ते हरिपाठ म्हणतील. नानांनी विचार केला आणि सुरू केले, “बे एके बे. बे दुणे चार.” डावा पाय ‘बे’, उजवा ‘एके’, मग काठी टेकून उसंत, आणि ‘बे’. हिशेबाच्या माणसाला देव आठवण्याआधी पाढा आठवला. दोन आठवड्यांत बेचा पाढा संपेपर्यंत चालणे जमले. फेब्रुवारीत बाराचा आला. जिथे अडखळत तिथे पाढा थांबे, आणि पाय पडला की तिथूनच पुढे सुरू होई. कोणतेही ध्वनिमुद्रण इतके सबुरीने वागले नसते. बारा सत्ते चौऱ्याऐंशीला ते शेजाऱ्यांच्या दारापाशी पोचत आणि तिथून परत वळत.

हात काही परत आला नाही. ते आता बँकेत डाव्या हाताने सही करतात. सही पहिलीतल्या मुलासारखी दिसते आणि त्याचे त्यांना वाईट वाटते, कारण अक्षर ही त्यांच्या खात्याने मानलेली एकमेव मिळकत होती.

आमच्या काव्यशास्त्रात वीर चार प्रकारचे सांगितले आहेत. दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाणाऱ्याची गणना कोणत्याही प्रकारात होत नाही. शास्त्रकारांचा दोष नाही. ते राजदरबारी बसून लिहीत होते.

‘वाघाचा डोळा’ गाणाऱ्या गायकाची पुढची हकीकत मला याच दिवसांत वाचायला मिळाली. डेव्ह बिकलर त्याचे नाव. साऱ्या जगाला लढायला उठवणाऱ्या या माणसाचा गळाच पुढच्या वर्षी बिघडला. स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि बँडमध्ये त्याची जागा दुसऱ्या गायकाने घेतली. जिद्दीचा इथे काय संबंध? कंठाचे दुखणे ते कंठाचे दुखणे. गळा पुढे सुधारला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याच बिकलरने अमेरिकेत रेडिओवरच्या विनोदी जाहिरातींची एक मालिका गायली. रोज काहीतरी क्षुल्लक काम करणाऱ्या एखाद्या अनाम माणसाला खरा वीर म्हणून गौरवायचे, आणि बिकलरने मागून तोच आपला वाघाचा आवाज लावायचा, अशी ती थट्टा होती. लोक पोट धरून हसत. मला मात्र ती थट्टा, थट्टा करणाऱ्यांना वाटली त्यापेक्षा अधिक खरी वाटते.

आपल्याकडचे एक उदाहरण याहून मोठे आहे. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते पंगू झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला, आणि मग त्यांच्या मागे गाणी वाजली. पदकापासून गाण्यापर्यंत बावन्न वर्षे. त्या पाण्यात उतरताना त्यांच्या मनात कोणता ताल होता, हे कोणत्याही संगीतकाराला देता येणार नाही. तो ज्याचा त्याने शोधायचा असतो.

दंडगीतांवर माझा राग नाही. सोळा वर्षांच्या मुलाला पहाटे अंथरुणातून उठवणारी कोणतीही गोष्ट बापाने वंद्यच मानावी. फक्त ज्या चित्रपटाने ही सारी परंपरा सुरू केली, त्याचा शेवट लोक विसरतात, याचे नवल वाटते. १९७६ च्या ‘रॉकी’त, त्या तुताऱ्या, त्या बहात्तर पायऱ्या, सगळे झाल्यावर, रॉकी शेवटच्या लढतीत हरतो. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांचा कौल प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने जातो. त्याने सुरुवातीपासून मागितले होते ते एवढेच, की शेवटची घंटा होईपर्यंत आपण उभे असावे. ती घंटा होते तेव्हा तो उभा असतो. निकाल पुकारला जातो तो त्याला ऐकूच येत नाही, कारण डोळे सुजलेले असताना तो गर्दीत आपल्या माणसाला नावाने हाका मारीत असतो.

हा चित्रपट गेल्या वर्षी आम्ही सर्वांनी घरी बसून पाहिला. शेवट झाल्यावर चिरंजीव जरा हिरमुसला. नाना काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने काठी घेऊन उठले, पाढा म्हणत गॅलरीच्या टोकापर्यंत गेले, तिथे कठड्याला टेकून दम घेतला, आणि आतल्या दिशेने हाक मारली, “अगं, ऐकलंस का? चहा टाक.”